हृदयातील उघाडी



वैद्यकीवरचे व्याख्यान म्हटले की श्रोत्यांना दोन भीती असतात. एक, वक्ता लॅटिन शब्दांचा मारा करील. आणि दुसरी, त्याने वर्णन केलेला रोग आपल्यालाच झाला आहे असे घरी जाताना वाटू लागेल. पहिल्या भीतीतून आपल्याला सोडवण्याचा मी प्रयत्न करीन. दुसरीची हमी मात्र देववत नाही. कारण आज ज्या गोष्टीविषयी बोलायचे आहे ती या सभागृहात बसलेल्या दर चार माणसांपैकी साधारण एकाच्या छातीत खरोखरच आहे. ती रोग मात्र नव्हे. हे 'मात्र' नीट समजावे एवढीच आजची अपेक्षा आहे.

काही वर्षांपूर्वी कल्याणच्या एका घरातून मला बोलावणे आले. नाव सांगण्याचे कारण नाही, आणि ओळख पटू नये म्हणून एकदोन तपशीलही मी बदलून सांगतो. घरातली सून बाळंत होऊन ३ आठवडे झाले होते. पहिलटकरीण, वय २९, गाडीच्या गर्दीतून रोज मुंबईला नोकरीला जाणारी, प्रकृतीने ठणठणीत. आठवडाभर तिची डावी पोटरी दुखत होती आणि थोडी सुजली होती. बाळंतपणातला वात म्हणून शेक चालू होता. त्या दिवशी सकाळी तिने न्हाणीघरात पाण्याची भरलेली बादली उचलली, खाली ठेवली, आणि तिचा उजवा हात लोंबू लागला. सासूबाईंनी काय झाले म्हणून विचारले तर तोंडातून शब्द फुटेना. जे फुटले ते शब्द नव्हते. घरच्यांना वाटले, अशक्तपणाने भोवळ आली असेल. तिला निजवले, तेल लावून हात चोळला. शेजारच्या कोणी दृष्ट काढायला सांगितले, तीही काढली. मी पोचलो तेव्हा दुपारचे २ वाजले होते. बादली उचलली होती सकाळी ८ला.

पुढे इस्पितळात तपास झाला. मेंदूच्या डाव्या बाजूची एक रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली होती. पायाच्या खोल शिरेत दुसरी, लांबलचक गुठळी होती. आणि हृदयाच्या तपासणीत उजव्या-डाव्या बाजूंमधल्या पडद्यात एक लहानसे छिद्र सापडले.

मग घरात दोन प्रश्न उभे राहिले. पहिला मुलीच्या आईने विचारला : "गुठळी पायात होती म्हणता, मग ती डोक्यात कशी गेली?" दुसरा सासरे मला बाजूला घेऊन, आवाज खाली आणून म्हणाले : "डॉक्टरसाहेब, हे भोक जन्मापासूनचे म्हणता. मग लग्न ठरवताना मुलीकडच्यांनी आम्हांला सांगितले का नाही?"

पहिल्या प्रश्नाला शतक-दीड शतकापूर्वी युरोपातले मोठमोठे वैद्य अडखळले होते, तेव्हा त्याला थोडा वेळ द्यावा लागेल. पण खरे सांगायचे तर आज मी इथे उभा आहे तो दुसऱ्या प्रश्नासाठी.

शाळेत शिकलेले रक्ताभिसरण आठवून पाहा. हृदयाचे चार कप्पे. दोन वर, दोन खाली. सगळ्या शरीरातून वापरलेले रक्त उजव्या वरच्या कप्प्यात येते, तिथून खाली उतरते, फुप्फुसांत जाऊन शुद्ध होते, डाव्या वरच्या कप्प्यात परत येते आणि डाव्या खालच्या कप्प्याच्या जोराने महारोहिणीतून मेंदूसकट सर्वत्र जाते. याचा अर्थ, पायाच्या शिरेतली गुठळी सुटली तर ती वाहत उजव्या हृदयात येणार आणि फुप्फुसात अडकणार. फुप्फुस ही एक बारीक चाळणी आहे. गुठळी मोठी असली तर तिथेच माणूस दगावतो, हेही खरे. पण चाळणी ओलांडून ती मेंदूत जाऊ शकत नाही. मुलीच्या आईला शरीरशास्त्र येत नव्हते, तरी तिची शंका अगदी शास्त्रशुद्ध होती.

आता याच हृदयाची, जन्माच्या आधीची अवस्था पाहू.

पोटातले मूल श्वास घेत नाही. त्याची फुप्फुसे मिटलेली असतात. त्याला प्राणवायू मिळतो तो आईकडून, वारेतून, नाळेच्या शिरेवाटे. ते ताजे रक्त खालच्या मोठ्या शिरेतून बाळाच्या उजव्या वरच्या कप्प्यात येते. नेहमीच्या वाटेने ते फुप्फुसाकडे गेले तर फुकट. तिथे काम चाललेले नाही. म्हणून निसर्गाने दोन वरच्या कप्प्यांमधल्या पडद्यात एक दार ठेवले आहे. खालच्या शिरेच्या तोंडाशी एक लहानशी झडप असते. ती खालून येणाऱ्या प्रवाहाला थेट या दाराकडे वळवते. ते चांगले रक्त दारातून डावीकडे जाते आणि तिथून प्रथम कोणाकडे जाते, तर वाढत्या मेंदूकडे. घरात दूध थोडे असले की आधी तान्ह्याला आणि मग उरल्यास इतरांना, असा जो आपल्याकडचा न्याय, तोच इथे आहे. या दाराला अंडाकृती छिद्र, वैद्यकाच्या भाषेत 'फोरामेन ओव्हेल' म्हणतात. प्राचीन रोममधल्या गॅलनलाही ते ठाऊक होते.

मूल जन्मते, रडते. त्या पहिल्या रडण्याने फुप्फुसे उघडतात, त्यांच्यातून भरपूर रक्त डावीकडे येऊ लागते, डावीकडचा दाब उजवीकडच्यापेक्षा वाढतो आणि दाराची पातळ झडप डावीकडून दाबली जाऊन बंद होते. पुढच्या काही महिन्यांत, वर्ष-दोन वर्षांत, ती पडद्याला चिकटून जाते. पण सगळ्यांचीच चिकटते असे नाही. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये शवविच्छेदनात पाहिलेल्या ९६५ हृदयांचा अभ्यास १९८४ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या २७ टक्क्यांच्या पडद्यात हे दार न चिकटलेले आढळले. त्याची रुंदी सरासरी ५ मिलिमीटर, म्हणजे तुरीच्या एका दाण्याएवढी. ही माणसे हृदयविकाराचे रुग्ण म्हणून निवडलेली नव्हती. त्यांची हृदये एरवी निरोगी होती, आणि बहुतेकांना आपल्या छातीत असे काही आहे हे आयुष्यभर कळलेही नसणार.

दार न चिकटणे म्हणजे दार सताड उघडे असणे नव्हे. हे समजावण्यासाठी मला परदेशातला दाखला शोधावा लागत नाही. आपल्या ठाणे जिल्ह्याच्या खाडीकाठी ज्यांच्या खारजमिनी होत्या किंवा आहेत, त्यांना उघाडी ठाऊक असेल. खाडीचे खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध घालतात, आणि शेतातले पावसाचे पाणी बाहेर जावे म्हणून बांधात झडपेची मोरी ठेवतात. भरती आली की बाहेरचे पाणी झडपेला दाबून बंद करते. ओहोटीला, किंवा आत पावसाचे पाणी फार तुंबले की, आतला दाब वरचढ होतो, झडप उघडते आणि पाणी निघून जाते. तिला कडी नाही, कुलूप नाही. कोणत्या बाजूचा जोर अधिक, एवढ्यावर तिचे उघडणे-मिटणे चालते. आपल्यापैकी पावपट लोकांच्या हृदयात अशी एक उघाडी आहे. डावीकडची भरती जवळजवळ कायमची, म्हणून ती जवळजवळ कायम मिटलेली.

जवळजवळ. आपण श्वास कोंडून ओझे उचलतो, शौचाला कुंथतो, जोराने खोकतो, तेव्हा छातीतला दाब वाढतो आणि पायांकडून, पोटाकडून येणारे रक्त बाहेरच अडून राहते. जोर सोडताच ते तुंबलेले रक्त एकदम उजव्या कप्प्यात लोटते. क्षणभर उजवी बाजू वरचढ होते आणि उघाडी उघडते. दिवसातून कितीतरी वेळा उघडत असेल. चार थेंब वापरलेले रक्त डावीकडे गेल्याने कोणाचे काही बिघडत नाही. मात्र नेमक्या त्याच क्षणी पायाकडून आलेली गुठळी दाराशी असली, तर ती चाळणी चुकवून डावीकडे जाते. आणि ज्या प्रवाहाने पोटात असताना मेंदूला सर्वांत चांगले रक्त पोचवले, त्याच वाटेने आता गुठळी मेंदूकडे जाते. त्या मुलीने बादली उचलून खाली ठेवली, तेव्हा बहुधा हेच घडले.

रक्तवाहिनीत गुठळी वाहत येऊन अडकण्याला आपल्या परिभाषाकारांनी 'अंतर्कीलन' असा शब्द घडवला आहे. शब्द चांगला आहे, पण तो मी रुग्णाच्या घरी वापरला तर रुग्णापेक्षा नातेवाइकांनाच भोवळ येईल. असो. बाजू ओलांडून जाणाऱ्या या गुठळीचा प्रकार प्रथम नीट मांडला तो जर्मन रोगशास्त्रज्ञ यूलियुस कोनहाइम याने. गुठळ्यांची विद्या ज्याने उभी केली त्या रूडोल्फ फिर्खोचा हा शिष्य. पुण्यात वसंत व्याख्यानमाला १८७५ साली सुरू झाली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८७७ साली, कोनहाइमने आपल्या रोगशास्त्रावरील व्याख्यानांचा ग्रंथ छापला, आणि त्यात एका ३५ वर्षांच्या स्त्रीची हकिगत आली. ती मेंदूतली मोठी वाहिनी गुठळीने बंद होऊन वारली होती. त्याने हृदयाच्या झडपा पाहिल्या, निर्दोष. महारोहिणी पाहिली, निर्दोष. गुठळी होती ती पायाच्या शिरेत. मग त्याने कप्प्यांमधला पडदा पाहिला, तो ३ बोटे सहज जातील एवढे छिद्र. व्याख्यानांच्या पुस्तकांत कधीकधी अशा गोष्टी सापडतात, म्हणून चालकांना विनंती की आपली पुस्तके रद्दीत जाऊ देऊ नयेत.

याच सुमारास आपल्या कल्याणात जोश्यांच्या घरी यमुना नावाची मुलगी वाढत होती. ती पुढे डॉक्टर आनंदीबाई जोशी झाली. १८८६च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयातून ती पदवीधर झाली आणि तिने प्रबंधासाठी विषय निवडला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. स्वतःचे पहिले मूल अवघ्या १० दिवसांत गमावलेली ती मुलगी. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने ती गेली, वयाची २२ वर्षेही पुरी न होता. कल्याणच्या बाळंतिणींना तिचा उपयोग व्हायचा राहून गेला. तो विषय अजून संपलेला नाही, म्हणून इथे थोडा थांबतो.

बाळंतपणात रक्त अधिक गोठणारे होते. रक्तस्रावापासून बाईला वाचवण्याची ती निसर्गाची तरतूद आहे. तिचा व्याज म्हणून प्रसूतीनंतरच्या पहिल्या ६ आठवड्यांत पायाच्या खोल शिरेत गुठळी होण्याचा धोका एरवीपेक्षा पुष्कळ जास्त असतो, आणि तो डाव्या पायात अधिक. फिर्खोच्या नावाने तीन कारणे सांगितली जातात : रक्ताचा संथपणा, वाहिनीला इजा आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती. आपल्या घरांतली बाळंतिणीची रीत पाहा. सव्वा महिना अंधाऱ्या खोलीत निजून राहायचे, बाजेखाली शेगडी, आणि पाणी बेताने प्यायचे. ज्या मायेने हे केले जाते तिच्याविषयी मला आदर आहे, डिंकाच्या लाडवांविषयी तर फारच. पण निजून राहणे आणि कमी पाणी पिणे या दोन गोष्टी गुठळीच्या पथ्यावर पडतात. बाळंतिणीने, डॉक्टरने मना केले नसेल तर, दुसऱ्या दिवसापासून हिंडाफिरायला लागावे, पाणी भरपूर प्यावे. आणि एकच पोटरी सुजली, दुखू लागली, तर शेक-चोळणे न करता त्याच दिवशी डॉक्टरला दाखवावी. एका पायाची सूज आणि दोन्ही पायांची सूज यांत फार फरक आहे. त्या घरात कोणी हे आठवडाभर आधी ओळखले असते तर पडद्यातले दार जन्मभर अज्ञात राहिले असते.

बाकीच्यांनी निश्चिंत होऊ नये. हाड मोडून प्लास्टरमध्ये असलेला पाय, मोठी शस्त्रक्रिया, कर्करोग, काही गर्भनिरोधक गोळ्या, आणि तासन्‌तास पाय दुमडून केलेला प्रवास, ही सारी गुठळीची निमित्ते आहेत. डोंबिवलीकराला गाडीत बसायला जागा मिळत नाही हे त्याचे दुःख आहे खरे. पण सुटीत कोकणात किंवा देशावर जाताना रात्रभर मोटारीत बसणाऱ्यांनी दर दोन तासांनी उतरून चार पावले टाकावीत.

आता छिद्र सापडते कसे? पद्धत मोठी गमतीची आहे. हाताच्या शिरेत मिठाच्या पाण्यात घुसळलेले हवेचे अतिसूक्ष्म बुडबुडे सोडतात आणि ध्वनिलहरींच्या यंत्रावर हृदय पाहतात. बुडबुडे उजव्या कप्प्यात चमकतात. ते फुप्फुसाच्या चाळणीत विरून गेले पाहिजेत. रुग्णाला कुंथायला सांगतात, मग श्वास सोडायला; आणि दोनतीन ठोक्यांच्या आत डाव्या बाजूला बुडबुडे दिसले तर समजावे, उघाडी आहे. त्या मुलीच्या पडद्यावर ते मी स्वतः पाहिले. काळ्या आभाळात चांदण्या उगवाव्यात तसे ते दिसते. तिची आई शेजारी उभी होती, आणि तिच्या प्रश्नाचे उत्तर मला तोंडाने द्यावे लागले नाही.

सापडलेले छिद्र बंद करावे काय? इथे लोकांची आणि, स्पष्ट बोलायचे तर, कधीकधी वैद्यांचीही गफलत होते. दुसऱ्याच कशासाठी हृदयाचा फोटो काढला आणि अहवालात हे छिद्र लिहून आले, की माणूस हवालदिल होतो. ज्याला कधी झटका आलेला नाही अशाचे दार केवळ आहे म्हणून बंद करू नये. झटका आलेल्यांतही, साठीपुढच्या, रक्तदाब-मधुमेह असलेल्या, तंबाखू ओढणाऱ्या माणसाच्या मेंदूत गुठळी सापडली तर तिची दहा कारणे असतात. छिद्र बिचारे तिथे नुसते हजर असते. चोरी झालेल्या आळीत राहणारा प्रत्येकजण चोर नसतो. तरुण रुग्ण, दुसरे कोणतेही कारण कसून शोधूनही न सापडलेले, आणि छिद्र मोठे, तेव्हा मात्र संशय बळावतो. अशा निवडक रुग्णांवर केलेले मोठे प्रयोग २०१७ साली प्रसिद्ध झाले. त्यांपैकी फ्रान्समध्ये झालेल्या एका प्रयोगात दार बंद केलेल्या २३८ जणांत सुमारे ५ वर्षांत एकालाही पुन्हा झटका आला नाही. गुठळी रोखणाऱ्या अॅस्पिरिनसारख्या गोळ्यांवरच ठेवलेल्या २३५ जणांत १४ जणांना आला. आकडा बोलका आहे, पण तो दोन्ही बाजूंनी वाचावा : २३५ पैकी २२१ जणांना दार तसेच ठेवूनही काही झाले नाही. आणि दार बंद केलेल्यांपैकी साडेचार टक्क्यांना हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा त्रास झाला. दुसऱ्या गटात तो एका टक्क्याहून कमी होता.

बंद करण्याची क्रिया आता छाती न उघडता होते. जांघेतल्या शिरेतून नळी वर नेऊन धातूच्या जाळीच्या दोन चकत्या पडद्याच्या दोन बाजूंना, सदऱ्याच्या दुहेरी गुंडीसारख्या, बसवतात. तोवर रक्त पातळ करणारे औषध द्यावे लागते, आणि त्या औषधाला दोन्ही बाजूंनी धार आहे. इस्राएलचे पंतप्रधान एरिएल शेरॉन यांना १८ डिसेंबर २००५ रोजी सौम्य झटका आला. हृदयात लहान छिद्र सापडले. ते बंद करण्याचा दिवस ठरला ५ जानेवारी २००६, आणि तोवर रक्त पातळ करणारे औषध चालू ठेवले. ४ जानेवारीच्या रात्री मेंदूत मोठा रक्तस्राव झाला. ते ८ वर्षे बेशुद्धावस्थेत राहून २०१४ साली वारले. देशातले सर्वोत्तम वैद्य उशाशी होते. तरी कोणत्या बाजूचा धोका मोठा याचा निवाडा अवघड असतो. म्हणून 'डॉक्टर, आजच बंद करून टाका' असे जे अधीर होऊन सांगतात त्यांना मी ही हकिगत सांगतो.

एक गोष्ट मात्र वैद्याच्या निवाड्याची नाही, घरच्यांच्या हातची आहे. तोंड एका बाजूला वाकडे झाले, एक हात वर राहीना, बोलणे अडखळले, यांतले काहीही अचानक झाले, की घड्याळ पाहावे आणि १०८ क्रमांकाला दूरध्वनी करावा. गुठळी विरघळवण्याचे औषध साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि तेही मेंदूचा फोटो काढून, रक्तस्राव नाही याची खात्री झाल्यावर. म्हणून ज्या इस्पितळात तो फोटो रात्रीबेरात्रीही निघतो तिथेच न्यावे. घरी अॅस्पिरिन देऊ नये, पाणी पाजू नये. चोळण्यात, दृष्ट काढण्यात, आणि ऐकून वाईट वाटेल, अंगाला पारव्याचे रक्त लावण्यात गेलेले तास परत येत नाहीत. वय तरुण आहे म्हणून अर्धांगवायू नसेल, असे समजू नये. मोठी वाहिनी बंद असेल तर निवडक रुग्णांत गुठळी नळीने ओढून काढता येते आणि त्याला थोडी अधिक सवड असते. पण आमच्या मुलीची वाहिनी बारीक फांदीची होती आणि सहा तास उलटले होते. तिला यांपैकी काहीच मिळू शकले नाही. वाचा महिन्याभरात परत आली. उजव्या हाताची बोटे अजून मंद आहेत. सुईत दोरा ओवता येत नाही. पायाची गुठळी औषधाने विरली, आणि पुढे सर्व विचार करून तिचे दार बंद केले.

आता सासऱ्यांचा प्रश्न. मी त्यांना म्हटले, "तुम्ही, मी, व्याही, विहीणबाई, आपण चौघे इथे बसलो आहोत. हिशेबाने आपल्यापैकी एकाच्या हृदयात ते आहे. तुमच्या लग्नात तुमच्या वडिलांनी सांगितले होते का?" लहान मुलांच्या हृदयाला खरोखरीचे भोक असते, पडद्याचा तुकडाच घडलेला नसतो, ते निराळे. तशा मुलांच्या तपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१३च्या फेब्रुवारीत तेव्हाच्या आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या पालघरलाच सुरू झाला आणि तो फार मोलाचा आहे. पण हे न चिकटलेले दार अशा तपासणीत शोधत नाहीत, शोधायचे कारणही नाही. ते आईबापांनी लपवलेले नसते. त्यांना ते ठाऊकच नसते. सासरे बराच वेळ गप्प होते. मग उठून व्याह्यांसाठी चहा सांगायला गेले.

निघताना सासूबाई दारापर्यंत आल्या. कडेवर दीड महिन्याची नात होती. "डॉक्टर, हिच्या हृदयात आहे का हो ते?" त्यांनी विचारले. मी म्हटले, "आजी, असणारच. एवढ्या लहान बाळांच्यात बहुतेक सगळ्यांच्याच असते. ते होते म्हणून तर ही पोटात वाढली." मग तपासून घ्यायचे का, असे त्यांनी विचारले. मी म्हटले, "नको. हिला लसी वेळेवर द्या, आणि हिच्या आईला रोज संध्याकाळी फिरायला पाठवा." आता ती मुलगी शाळेत जाते.